सायलीची ‘दोन चौकट’

हसणार नसाल तर सांगतो. पत्त्यांच्या ब्रिज खेळातली माझी पार्टनर सायली मला सोडून त्या वारज्याच्या निखिलबरोबर खेळायला लागली, हे तुम्हाला माहीतच आहे. परवाच्या स्पर्धेत नेमके तेच दोघे माझ्यासमोर आले.

सायलीने बोली लावली, ‘दोन चौकट’. माझं डोकंच फिरलं. अरे, ही आमची बोली! कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून आम्ही दोघांनी ठरवलेली. म्हणायचं चौकट, पण हातात असायचे बदाम. आणि बोलीला असा वेगळा अर्थ असला, की पार्टनरने ‘अलर्ट’ म्हणून समोरच्यांना सावध करायलाच हवं. निखिल मात्र ढिम्म.

मी थेट स्पर्धेच्या डायरेक्टरना, म्हणजे पंचांना, बोलावलं. “सर, यांनी अलर्ट केलं नाही. नियम म्हणजे नियम. तिच्याकडे बदाम आहेत!”

“आपण त्यांचे पत्ते पाहिलेत?”

“नाही, पण मी तिला तीन वर्षं ओळखतो.”

डायरेक्टर निखिलकडे वळले. “तुमच्यात काय ठरलंय?”

“चौकट म्हणजे चौकट, सर.”

“खोटं बोलतोय!” मी म्हणालो.

“डाव होऊ द्या, मग बघू,” म्हणून ते तिथेच उभे राहिले.

डाव संपल्यावर सायलीने तिचे पत्ते उलगडून दाखवले. चौकटच चौकट. बदाम औषधालाही नाही.

“निखिलबरोबर खेळताना हातात असतं तेच बोलते रे मी,” ती म्हणाली.

डायरेक्टरनी माझ्याकडे पाहिलं. “यावर आपली काही तक्रार?”