राखाडी बॅग, मुठीला हिरवी चिंधी

...आणि वर मलाच विचारतो, "काका, रंग कुठला दाखवू?" रंग! मुलगी तीन वर्षांसाठी नोकरीला चाललीय, पहिल्यांदा एकटी, जिथे उन्हाळ्यातही स्वेटर लागतो म्हणतात तिथे, आणि हा बॅगवाला मला गुलाबी दाखवतोय, फुलाफुलांची दाखवतोय! अरे, बॅगेला काय बघायला येणारेत का? तुम्हाला सांगतो, विमानतळावर लोडर होतो मी. माणसं वरच्या दाराने चढतात, आम्ही खाली, विमानाच्या पोटात. उभ्या आयुष्यात सीटवर बसलो नाही, पण मला नका शिकवू, मी एकतीस वर्षं बॅगा फेकल्यात!

हो, फेकल्यातच. खोटं कशाला बोलू? पाऊण तासात दोनशे बॅगा भरायच्या, त्या काय तान्ह्या बाळासारख्या निजवणार? म्हणून तर मला ठाऊक ना, बॅग कुठे मरते ते! चार चाकांची दुकानात छान नाचते, पण चाकं सगळी बाहेर, पहिल्या आपटीला एक जातं, मग बसा ओढत... दोनच चाकं हवीत, आत दबलेली. मूठ रिबिटं मारलेली, नुसती शिवलेली नको. आणि चेनवर बॉलपेन दाबून बघायचं. घुसलं आत, तर बॅग तिथेच ठेवून घरी यायचं.

"काका, अनब्रेकेबल आहे." म्हटलं, बघू की. कमरेएवढी उचलली आणि सोडली कोपऱ्यावर. धाड्! दुकानातली माणसं भिंतीला! "काका, काय करताय?" म्हटलं, विमानतळावर होणारच आहे ते, मी फक्त तुझ्यासमोर करतोय. तीन बॅगांचे कोपरे गेले. चौथी टिकली. राखाडी, दिसायला सुमार, पण ठणठणीत! घेतली.

घरी आणून वजन केलं तर रिकामीच साडेपाच किलो! विमानवाले देणार तेवीस. ही माझ्याकडे बघते, बॅगेकडे बघते. "म्हणजे पोरीने नुसती बॅगच न्यायची का?" काट्यावर मी बॅग घेऊन उभा, ही वाकून आकडा वाचतेय, त्यातून मला वजा करतेय, मुलगी म्हणते, "बाबा, पोट आत घेऊन वजन कमी होत नाही..." हिने शिवलेली गोधडी एकटी तीन किलो. घातली, काढली, पुन्हा घातली. मुलगी म्हणाली, "आई, तिथे पांघरुणं मिळतात गं." झालं! ही उठली. स्वयंपाकघरात जाऊन भांडी बोलायला लागली. शेवटी पुस्तकं बाहेर, बूट पायात, गोधडी आत.

खरं सांगू? मला भीती वाटत होती. बॅगेची नाही हो. तिला तिथे कुणी दुखावलं, ती आजारी पडली, तर मी काय करणार इथून? बॅगेचं तेवढं माझ्या हातात होतं. म्हणून करत होतो.

आणि तिथेच माझी मती फिरली. एवढी आपटून, पारखून घेतलेली बॅग, आणि मी पैलवानाला फोन केला! पैलवान म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेला लोडर, अजून नोकरीत आहे, शब्दाचा पक्का. म्हटलं, "राखाडी बॅग, मुठीला हिरवी चिंधी. लेकीची आहे. फेकू नकोस बाबा." म्हणाला, "दादा, तुमची लेक ती माझी पुतणी! ओरखडा उठला तर नाव बदलेन!"

मुलगी गेली. कशी गेली ते नाही सांगत.

रात्री "पोचले" एवढाच निरोप आला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पैलवानाचा फोन. आवाज पडलेला. "दादा... बॅग सुखरूप आहे." म्हटलं, शाब्बास! "एक ओरखडा नाही." वा! "पुठ्ठ्यावर ठेवलीय." कुठल्या पुठ्ठ्यावर? "दादा, तिच्यावर कुणी काही टाकू नये म्हणून बाजूला काढली हो... म्हटलं, शेवटी सगळ्यांच्या वर आपल्या हाताने ठेवू... तेवढ्यात पलीकडच्या विमानाकडे बोलावलं, परत येतोय तर दार बंद..."

ऐकलंत? फेकली असती तर पोचली असती! मी एकतीस वर्षं बॅगा फेकल्यात, माझ्या हातून एक मागे राहिली नाही, आणि जप म्हणून सांगितलं ती तेवढी राहिली!

आता मुलीला कुठल्या तोंडाने सांगायचं, तोवर तिचाच फोन. "बाबा, बॅग आली नाही, पण तुम्ही घाबरू नका." आम्ही! "उद्याच्या विमानाने येतेय म्हणे. मी स्वेटर घेतला इथे, घरमालकिणीने पांघरूण दिलं, मस्त झोप लागली." हिने माझ्या हातातून फोन ओढला, "अगं, पण तुझं सगळं सामान..." "आई, खरंच, काही अडलं नाही."

काही अडलं नाही! तुम्हाला सांगतो, आनंद झाला आम्हाला. खरंच झाला. इतका झाला, की तासभर मी तिची मागे राहिलेली पुस्तकंच रचत बसलो. मग ही उठली, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "अहो, पैलवानांना कळवा... आता पाठवताना फेकली तरी चालेल."