दहा किलोची गोणी

न्हाई ताई, तो खोका दारातच ऱ्हाऊ द्या, उघडू नका. तुमच्या कंपनीनं एवढ्या लांब आंबीच्या कारखान्यावरनं नवा वजनकाटा पाठवला, लय उपकार झाले, पन मला आता काट्याचं नाव काढलं तरी शिसारी येती. बावीस वर्सं झाली ही वाडीवरची अंगणवाडी सांभाळते मी, पोरांना जड-हलकं मीच शिकवते — कशानं म्हनता? ह्यानं. कपड्याचा हँगर, दोन बाजूला नारळाच्या करवंट्या, झाला तराजू. लोणावळ्याला फिराया येनारे लोक वेफरची पाकिटं टाकून जात्यात ना — नुसती घाण, उचलताना किळस येती — त्यातलं एखादं न फोडलेलं, फुगलेलं घावलं की एका बाजूला ते अडकवायचं, दुसरीकडं लिंबू. जड कुनचं? समदी पोरं पाकिटाकडं बोट करत्यात, आन खाली जातं लिंबू. आमची प्रेरणा, पाच वर्सांची, ती तर पाकिटावर रुसूनच बसली. ह्यानं फसवलं म्हनाली.

आता पोरांचं वजन म्हनाल तर ते म्हैन्यातनं एकदा, त्या आढ्याला टांगलेल्या काट्यावर, झोळीत बसवून. आन आमच्याकडं लेकराचं वजन मोठ्यानं बोलत न्हाईत, दृष्ट लागती म्हनत्यात. आकडा मी एकटीनं बघायचा, गपचिप रजिस्टरात लिहायचा, आन आईला कार्डावरचा ठिपका दावायचा — हिरवा म्हंजी बरं, पिवळा म्हंजी जपा, लाल म्हंजी दवाखाना. मी न्हाई मानत दृष्टबिष्ट. पन चालू दिलं, सोयीचं पडतं. कुनाच्या सोयीचं म्हंजी? आयांच्या. दुसऱ्या कुनाच्या असनार — तसं बघू नका माझ्याकडं.

दिवाळीनंतरच्या मिटिंगला वरच्या सुपरवायझर बाईंनी समद्यांच्या देखत इचारलं, सविताबाई, लाल ठिपके तुमच्याकडंच एवढे कसे, पोरांचा खाऊ घरी नेता का काय? समद्या हसल्या. बावीस वर्सांत मला असं कुनी बोललं न्हवतं, ताई. मंग पुढच्या वजनाला ही तेजल — आक्काबाईची धाकटी, तीन वर्सांची — अंगात स्वेटर व्हता तिच्या, काटाबी जुना, हालतो, तवा जरा वाढवून धरलं. जरा म्हंजी — साडेअकरा लिहिलं. आन एकदा साडेअकरा लिहिल्यावर पुढच्या म्हैन्यात त्याच्या खाली कसं यायचं? चार म्हैने हिरवा ठिपका. आक्काबाई दर खेपेला म्हनायची, बाई, पोरगी मांडीवर हाय असं वाटतच न्हाई ओ, तळेगावच्या दवाखान्याची चिठ्ठी देता का. मी म्हनायची, कार्ड बघ की, हिरवं हाय. मी ह्या हातांनी तिला झोळीत बसवत व्हते, ताई. हातांना काय कळत न्हाई व्हय?

गेल्या गुरुवारी साहेब लोक आलते, फोटोवाला घिऊन. पोरं काय शिकली ते दाखवा म्हनले. प्रेरणा उठली. अंगणात ती वर-खालीची फळी हाय ना, तिच्या एका टोकाला तिनं तेजलला बसवलं, आन साहेबांना म्हनली, तुमी ती गोणी ठेवा दुसऱ्या टोकाला. तांदळाची गोणी, दहा किलोची, वर छापलंयच तसं. साहेबांनी हौसेनं सवता उचलून ठेवली. गोणी खाली टेकली, तेजल वर — पाय लोंबतायत आन हसतीय. प्रेरणा म्हनली, गोणी जड, तेजल हलकी. आन टाळ्या. किती छान शिकवलंय म्हनले, माझ्या हातात फूल दिलं. तीन वर्सांची पोरगी दहा किलोला वर जाती आन ही मानसं टाळ्या वाजवत्यात — ओकारी आली मला. त्यांची आली, त्या फुलाची आली, आन माझी सवताची त्याहून जास्त आली. आक्काबाई हितंच दाराला टेकून उभी व्हती, कार्ड हातात. तिनं टाळी वाजवली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तवापासनं रोज येती. पोरीला घिऊन येती, त्या पायरीवर बसती, दुपारी उठून जाती. तुमच्या मागंच हाय की ती, तुमी येताना तिला वलांडूनच आत आला.

खोका फोडा, ताई. व्हय, मीच नगं म्हनले मगाशी, आता फोडा म्हनते. आक्काबाई, आत ये. तिचा स्वेटर काढ. चपलाबी काढ. ये गं तेजल, हितं उभी ऱ्हा, हलायचं न्हाई. ताई, आकडा तुमी वाचा, मला न्हाई दिसायचा. — न्हाई, कानात नगं. मोठ्यानं.

नऊ किलो चारशे. — परत एकदा म्हना, तिला नीट ऐकू जाऊ द्या.

बरं. आता निघा तुमी, ताई. मला चिठ्ठी लिहायचीय, आन मागचे चार ठिपके खोडायचेत.