घेवरकाकाची कडू भाकर

मी हसनाबादचीच. इथंच जन्मले आन इथंच दिली, माहेर वरच्या गल्लीत, सासर खालच्या, त्यामुळं दिवाळीला मला न्यायला कोन येनार, दोन गल्ल्या तर चालायच्या. तुम्ही वही उघडून म्हनता तुमचं सांगा मावशी. माझं काय सांगायचं, कापूस येचला, निंदलं, खुरपलं आन भाकरी थापल्या. भाकरी मात्र थापल्या म्हंजे थापल्या, हे मनगट बगा. पन आज माझं डोकं ठिकानावर न्हाई, आधीच सांगून ठेवते. घेवरकाका जाऊन आज नववा दिवस, आन मी अजून धुमसून राह्यले. त्यांचं सांगितल्याबिगर माझं सांगताच येत न्हाई.

घेवरकाका म्हंजे आमच्या गल्लीतले मारवाडी. कापडाचं दुकान. तिकडून राजस्थानातून चुलत्याच्या मागं आल्ते, मिसरूड बी फुटलं नव्हतं म्हनतात. मराठी येत नव्हती, कोनी काय बी बोललं की नुसती मान हलवायचे. मंग दोन सालात असे बोलायला लागले की थांबंनात. ओट्यावर बसलेला मानूस च्या पाजल्याबिगर सोडला न्हाई कवा, कापड घे न्हाईतर नको घेऊ. कोनाची म्हैस व्याली, कोनाची पोरगी कुठं दिली, कोन कोनावर रुसून बसलंय, समदं म्हाईत. काकी वैतागायची, म्हनायची इनको दुकान नहीं, चावडी खोलनी थी. काका हसायचे आन अजून एकाला हाक मारायचे, या, बसा.

माझा बाप गेला तवा मी आठ-नऊ वर्षांची असंन. कडब्याच्या गंजीत हात घातला आन पान लागलं, साप चावला, संध्याकाळपर्यंत खेळ खलास. आता आमच्याकडं ज्या घरी मयत होतं तिथं चूल पेटत न्हाई, शेजारपाजारचे पिठलं-भाकर घेऊन येतात, कडू भाकर म्हनतात तिला. तर टोपली यायला लागली, आन त्यातच हा नवा मारवाडी आला, हातात पितळी डबा. डबा उघडला तर काय, शिरा! तुपानं थबथबलेला, वरून बेदाने. त्याला बिचाऱ्याला वाटलं दुःखातल्या मानसाला आपल्या घरातलं चांगलं ते द्यावं. माझे चुलते ताडकन उठले, म्हनले आमचा भाऊ जळून राह्यला आन तू गोड घेऊन आला, शरम वाटत न्हाई का? हा पांढराफटक. पन पळाला न्हाई, हे बराबर लिहा, पळाला न्हाई. डबा उराशी धरून दारात उभा राह्यला, डोळ्यातून घळाघळा पानी. मंग माझी आजी उठली. तिच्या पोटचा पोर गेल्ता, तरी उठली. म्हनली, त्याला कोनी सांगितलंय का आपलं? आन त्याला जवळ बसवून शिकवलं, की बाबा दुःखाच्या घरी गोड न्हाई आनायचं, ज्वारीची भाकर आनायची, पिठलं आनायचं, आन बसायचं.

दुसऱ्या दिवशी आला. स्वतः थापलेली भाकर. बोटभर जाड, एका अंगानं करपलेली, दुसऱ्या अंगानं कच्ची. आजीनं पहिला घास तिचा खाल्ला. मी बगितलंय माझ्या डोळ्यानं.

तवापासून हसनाबादात मयत झालं की पहिली कडू भाकर घेवरकाकाची. जात बगितली न्हाई, गल्ली बगितली न्हाई, भांडन असलं तरी जायचे. पुढं लग्न होऊन काकी आली, पन तिची भाकर परातीतून तव्यावर जाईस्तोवर मोडायची, मंग मला हाक यायची, कौशल्याबाई, पीठ मळा. अहो दहा-बारा वर्षांच्या पोरीला बाई म्हनायचे, मळा म्हनायचे! मी थापायची आन काका टोपलं डोक्यावर घेऊन निघायचे. दुकानात गडी व्हता, पन त्याच्या डोक्यावर दिलं न्हाई कवा. तिथं जाऊन बसायचे, लई बोलायचे न्हाई तिथं, हेच एक ठिकान जिथं ते गप बसायचे. माझं लग्न झालं, पोरं झाली, सासू झाले, तरी हाक तीच. किती भाकरी असतील माझ्या हातच्या, काय सांगू तुम्हाला.

आन काकी गेली तवा? गाव लोटलं. इतक्या भाकरी आल्या की ठेवायला जागा न्हाई. पोरं म्हनली, उरलेल्या गुरांना टाकू. काका म्हनले, बिलकुल न्हाई. वाळवल्या त्यांनी, डब्यात भरल्या, आन रोज कुटून दुधात कालवून खाल्ल्या, पार पंधरा-वीस दिवस.

मंग पोरांनी त्यांना जालन्याला नेलं. पवन आन राजू, दोघांचा बियान्याचा कारभार तिकडं. बापाला एकटं ठेवायचं न्हाई, ते बराबर आहे, त्यात मी काय बोलत न्हाई. पन चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवला हो हा मानूस! तिथं शेजारचं दार उघडं दिसत न्हाई. खाली येऊन वाचमनजवळ बसायचे तर सुना म्हनायच्या बरं दिसत न्हाई. मंग मला फोन. गावात कोन गेलं? मी सांगायची, अमका गेला. लगेच इचारायचे, माझ्या नावाची भाकर नेली का? नेली काका. पिठलं पातळ न्हाई ना केलं? न्हाई काका. मंग ठेवायचे. चार वर्षं मी त्यांच्या नावानं टोपलं नेलं, एक घर चुकवलं न्हाई.

आन ते गेले, तर आम्हाला कवा कळलं? दुसऱ्या दिवशी! दत्त्याच्या, माझ्या पोराच्या मोबाइलवर फोटो आला, हार घातलेला. खाली लिहिलेलं, अंत्यविधी काल झाला, बैठक आज चार ते पाच. गावाला मातीला बी बोलावलं न्हाई. ज्यानं गावातली एक माती सोडली न्हाई त्याच्या मातीला गाव न्हाई! मी रडले न्हाई. म्हनलं आधी काम. वीस भाकरी थापल्या. पिठल्यात लसूण न्हाई, कांदा न्हाई, त्यांच्या घरी चालत न्हाई म्हनून. टोपलं बांधलं, येष्टीत मांडीवर घेतलं, जालन्यात उतरून आटो केला.

बिल्डिंगीच्या खालीच हॉल. एसी चालू, पांढऱ्या खुर्च्या, पान्याच्या बाटल्या. मानसं येऊन राह्यली, फुल टाकून राह्यली, घड्याळ बघून जाऊन राह्यली. कोनी रडंना. पवन समोर आला, हात जोडले, या मावशी. मी टोपलं खाली ठेवलं, म्हनलं, पवन, भाकर आनली बाबा. तो टोपल्याकडं बघतच राह्यला. म्हनला, मावशी, हे कामून आनलं, इथं केटरिंग सांगितलंय. आन त्याची बायको, ती लई गोड बोलते हो, गोड बोलूनच म्हनली, असू द्या, मागं ठेवा, कामवाल्यांना देऊन टाकू.

देऊन टाकू! उरलंसुरलं आहे का ते? अहो, कडू भाकर आहे. ती मेलेल्याच्या लेकरानं खायची असते, घासभर का व्हईना, दुश्मनाच्या घरची असली तरी खायची असते. आन हा पवन! ह्याची माय आजारी व्हती तवा वर्षभर माझ्या हातची भाकर दुधात कुस्करून खाऊन वाढला. लोक बघून राह्यले. मी म्हनलं, सूनबाई, तुमच्या सासऱ्यानं ही भाकर डोक्यावर वाहिली, तुम्हाला हात लावायला जड झाली का? पवन म्हनला, मावशी, आवाज नका करू. मी टोपलं उचललं. काकाच्या फोटोला हात जोडले आन निघाले. मागून कोनी थांबा म्हनलं न्हाई.

दिवस मावळता गावात उतरले. चूल पेटवायची इच्छाच झाली न्हाई, टोपलं पुढ्यात घेऊन अंधारातच बसले, दत्त्या बाहेर ओट्यावर. एवढ्यात शेजारची शाहीनबी आली, हातात फडक्यात भाकर आन पिठलं. म्हनली, उठ, तोंड धू, चार घास खा. मी म्हनलं, अगं येडे, मी कडू भाकर परत घेऊन आले आन तू माझ्यासाठी अजून एक कामून आनली, माझ्या घरी कुठं मयत झालंय? ती म्हनली, मंग कोनाच्या घरी झालंय?

तिच्यामागं वरच्या गल्लीतून कोनी आलं, मंग वाड्याकडून, मंग पार वेशीवरून. ज्या ज्या घरी काका टोपलं घेऊन गेल्ते त्या घरातून भाकर आली, माझ्या दारात. भाकर ठेवली की तिथंच बसले. तवा मी रडले. बाप गेला तवा बी एवढी रडले नव्हते.

काल पवनचा फोन आल्ता. तेराव्याला या, गाडी पाठवतो. मी म्हनलं, न्हाई यायची. माझा राग काय गेलेला न्हाई, आन जाईल असं बी वाटत न्हाई, लिहा असंच, मी भिते का कोनाला? पन खोटं कामून बोलू, रात्रंदिवस मनात तेच येतं. त्याच्या बापाला तरी कुठं म्हाईत व्हतं? माझ्या आजीनं बसवून शिकवलं म्हनून कळलं. ह्याला कोनी शिकवलं न्हाई, आम्ही थापून वाढत राह्यलो आन तो खात राह्यला. त्याचं चांगलं व्हवो, लेकरंबाळं सुखी राहो. पन यायचं असंल तर त्यानं इथं यावं, माझ्या चुलीपुढं बसावं, पीठ मळावं. पहिली भाकर जाडच व्हनार, करपनार बी. व्हऊ दे. पहिला घास मी खाईन.