आधी वळले ती मीच

आम्ही मूळचे हिमायतनगरचे, अब्बांचं बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान हाय, आजोबांचंही तेच होतं, आणि समुद्राशी आमच्या खानदानात कुणाचा काडीचा संबंध न्हाई. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे विष्णुपुरीचं धरण, तेही शाळेच्या सहलीत. बारावीनंतर सगळे म्हणाले, त्याच विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला जा, घराजवळ राहशील; पण मला जहाजच चालवायचं होतं. अम्मी म्हणाली, शबाना, तिथं बुडलीस तर आम्हाला कोण सांगणार, आणि अब्बा म्हणाले, बुडायला काय समुद्रच लागतो का, जाऊ दे तिला. तर अशी मी गेले, आणि शिकून थर्ड ऑफिसर झाले, म्हणजे जहाज चालवणाऱ्या अधिकाऱ्यांतली सगळ्यात खालची पायरी.

आता आमच्या घरची एक रीत सांगते, कारण पुढं तिनंच घात केला. आमच्याकडं दारात दोघं समोरासमोर आले की आधी कुणी आत जात न्हाई. आधी तुम्ही, नक्को, आधी तुम्ही. माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या लग्नात दोन्हीकडचे बुजुर्ग असे उंबऱ्यावर अडले की शेवटी आचारी ओरडला, अरे, बिर्याणी गार होऊन राहिली, कुणीतरी एक जण बेअदब व्हा!

समुद्रावर तसं न्हाई. तिथं कायदा हाय. दोन जहाजांच्या वाटा एकमेकींना छेदत असतील, तर ज्याला आपल्या उजव्या हाताला दुसरं जहाज दिसतं त्यानं वाट द्यायची. आणि ज्याला वाट मिळते त्यानं, हे लई महत्त्वाचं, आपली दिशा आणि वेग आहे तसाच ठेवायचा, म्हणजे समोरच्याला अंदाज येतो. समोरचा वळलाच न्हाई तर मात्र आपणही टाळायचं, कारण टक्कर टाळणं दोघांवरही असतं. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, अरबी समुद्रात, ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या खोलीत, मी होते आणि सुकाणूवर रत्नागिरीचे एक खलाशी, त्यांना सगळे मामा म्हणायचे. डावीकडून एक मालवाहू जहाज येत होतं. त्याच्या उजव्या हाताला मी, म्हणजे वाट त्यानं द्यायची, मी सरळ जायचं, इतकंच. पण रेडिओवर त्याचा ऑफिसर बोलला, इंग्रजीत दोन वाक्यं झाली, आणि लहेजा ओळखून मीच विचारलं, हैदराबाद? काय सांगू तुम्हाला, आमच्या घरीही हीच बोली, किती महिन्यांनी कानावर पडली! तो म्हणाला, आपा, तुम चलो, मैं पीछे से निकलतूं. तिथं मी गप बसायचं होतं. खरं तर रेडिओवर असलं बोलणंच करायचं नसतं. पण तोंडातून निघून गेलं, नक्को भाई, तुम निकलो, मैंच पीछे हो जाती. आणि मामांना म्हणाले, डावीकडं घ्या. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मॅडम, डावीकडं? हाव, डावीकडं.

त्यानं माझं ऐकलंच न्हाई, की ऐकूनही मानलं न्हाई, ते मला आजही ठाऊक न्हाई. तो कायद्याप्रमाणं उजवीकडं वळला, मी डावीकडं, आणि दोन्ही जहाजं एकमेकांवरच चालून आली. जहाज काही ऑटो न्हाई, ब्रेक दाबला की थांबायला. मी ओरडले, पूर्ण उजवीकडं, भोंगा दाबला, कॅप्टनला बोलावलं, आणि मामांनी चाक फिरवलं. तो डाव्या बाजूनं इतक्या जवळून गेला की त्याच्या डेकवर रंग देता देता थांबलेल्या माणसाची दाढी मला दिसली.

कॅप्टन सर चपला घालूनच धावत आले. गेलेल्या जहाजाकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, वाट कुणी द्यायची होती? त्यानं, सर. मग गडबड कुणी केली?

त्याच आठवड्यात ते माझ्या बढतीच्या शिफारशीचं पत्र लिहिणार होते. तो चुकला म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. ब्रिजवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, पण टक्कर झालीच न्हाई तर ते कोण ऐकत बसतो! मामांनीही डोळ्यानं खुणावलं, गप राहा. मी म्हणाले, सर, आधी वळले ती मीच. तो वाट देत होता, मी अदब करत बसले.

ते म्हणाले, थर्ड, सरळ जाणं ही तुझी मेहेरबानी नव्हती, काम होतं. तुझ्या भरवशावर तो वळला. मग माझ्याच हातानं सगळं लिहून घेतलं, आणि शिफारशीचं पत्र काही लिहिलं न्हाई. माझ्याबरोबरची पोरं सेकंड ऑफिसर झाली, मी पुढच्या जहाजावरही थर्डच. अब्बांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, कुणाला लागलं का? न्हाई. मग जेवून घे.

आता मी सेकंड ऑफिसर हाय, चार दिवसांनी पुन्हा जहाजावर चालले. रेडिओवर गोड आवाज अजूनही येतात. मला वाट मिळणार असली की मी दिशा सोडत न्हाई, नजरही सोडत न्हाई. आणि द्यायची असली की लांबूनच, समोरच्याला ठळक दिसेल असं वळते. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना हे मी स्वतःच्या चुकीसकट सांगते, लाजत न्हाई. अल्लाह सगळ्यांना सुखरूप घरी पोचवो, त्या हैदराबादवाल्यालाही. त्या दिवशी तो बरोबर वागला होता, आणि एवढं त्याला सांगायचं राहून गेलं.