सर्जेरावाचा सत्कार

शेहेचाळीस साल. पुणतांब्याला रॉकेलच्या रांगेत माझ्या पुढं छबूबाई आणि तिची शेजारीण जरीना उभ्या होत्या.

“कालच्या सभेला गेल्तीस का गं जरीना?”

“गेल्ते की. सर्जेराव लई बोलला. म्हनला, पुढारी आईच्या पोटातनं येत न्हाई, लाठीखाली घडतो.”

“आगं, बेचाळीसच्या मोर्चात लाठी दिसल्याबरोबर तुमच्याच कडब्यात घुसला हुता ना त्यो?”

“व्हय. आन् पोलिसांनी धरलं आमच्या ह्यांना. ‘सर्जेराव कुठं हाय, सांग,’ म्हनून पाय मोडस्तोवर मारलं. हे बोलले न्हाईत.”

“आन् सर्जेराव?”

“त्यो कडब्यात शिंकला न्हाई, एवढंच त्याचं कर्तृत्व. काल म्हनत हुता, मी भूमिगत हुतो.”

“भूमीखाली कुठला? कडब्याखाली हुता! हार कुनी घातला मेल्याला?”

“ह्यांनाच बोलावलं घालायला. मुसलमानबी पाठीशी हायेत, असं दिसाया पायजे ना.”

“आन् खाजाभाई गेले?”

“बोलावल्यावर न्हाई कसं म्हनायचं? काठी टेकीत निघाले. तर पुढची मानसं उठली, मग मागची उठली, बायाबी उठल्या. सगळी सभा उभी.”

“बया! अंगावर काटा आला बघ. मग सर्जेरावाचं तोंड उतरलं आसंल?”

“कशाचं उतरतंय? हात जोडून म्हनला, ‘बसा, बसा. माझ्यासाठी एवढं उभं ऱ्हायाची गरज न्हाई.’”