हिरव्या बटणावरची कामटी

मी कमरुद्दीन बाबालाल तांबोळी, वय ६८ वर्षे, धंदा जुन्या मोटारी व स्टार्टर दुरुस्ती, रा. बेल्हे, ता. जुन्नर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले असून काम मी बघून बघून शिकलो. गावातील सोपान याच्या गोठ्यातील कडबाकुट्टी मशीन मीच दुरुस्त करीत आलो आहे.

बाजाराच्या दिवशी सकाळी सोपानची बायको स्नेहल हिचा उजवा हात त्या मशीनमध्ये मनगटापासून तुटला. लाईट गेली म्हणून ती अडकलेला कडबा काढीत होती. तेवढ्यात लाईट आली व मशीन फिरली. सासू चिमाबाई हिने मुद्दाम बटण दाबले, अशी स्नेहलचा भाऊ सुभाष याची तक्रार आहे.

पोलिसांनी बोलावल्यावरून मी स्टार्टर तपासला. हिरवे बटण दाबले की मोटार चालत होती, बोट उचलले की बंद पडत होती. बोट काढल्यावरही मोटार चालू ठेवणारी आतली पट्टी पार झिजली आहे. बटण दाबून धरल्याशिवाय ती मशीन चालत नाही, असे मी साहेबांना तिथेच सांगितले. त्यावर सुभाष म्हणाला, "म्हंजी म्हातारीनंच धरलं व्हतं!" सोपान खाली मान घालून उभा होता.

परंतु दिवाळीच्या आधी मी गेलो तेव्हा ते बटण दाबलेलेच राहावे म्हणून त्यावर बांबूची कामटी ठोकून बसवलेली होती. मी म्हणालो, "अरे बाबा, लाईट गेली नि आली की मशीन आपोआप फिरंल. आंधळ्याच्या हाती कुऱ्हाड देऊ नको." सोपान म्हणाला, "चाचा, जुनी पट्टी कुठं मिळंना. मग काय दिसभर बोट लावून उभा ऱ्हाऊ? लई भेता राव तुमी." तपासणीच्या वेळी कामटी नव्हती. बटणाच्या कडेला तिचा ताजा ओरखडा होता.

त्यानंतर चिमाबाईने मला गोठ्यामागे बोलावले. ती म्हणाली, "भाऊ, कामटी म्याच काढून चुलीत घातली. तुमी कामटीचं नाव घेऊ नका. म्याच बटण दाबलं आसं लिहू द्या. सोपान आत गेला तर हात गेलेल्या त्या पोरीला घास कोन भरवील? माझ्या हातनं ती पानीबी घेत न्हाई."

कामटी मी डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून सांगितली.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. चिमाबाई बाहेर बाकड्यावर बसली आहे. तिलाही ऐकू गेला असेल.