मास्तरांचे वजन आणि गावाची खारी मासळी

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर, व्यासपीठावरील शाळा तपासनीस साहेब, आज निवृत्त होणारे आपले लिओनार्ड मास्तर, त्यांच्या भगिनी मॅबेलबाई, आणि समोर बसलेल्या उत्तनच्या बंधुभगिनींनो,

मास्तरांच्या शिकवण्याविषयी त्यांचे विद्यार्थी बोलले. मी त्यांची विद्यार्थिनी नाही. इथल्या दवाखान्याची डॉक्टर आहे. म्हणून मी त्यांच्या हृदयाविषयीच बोलेन. त्यांची परवानगी घेतली आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी मास्तरांना आडवे झोपता येईना. पाय सुजले. एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घ्यावा लागे. हृदय थकले की शरीरात पाणी साठते. हा आजार बरा होत नाही, आवरता येतो. हृदयाला बळ देणारी डिजिटॅलिसची गोळी, लघवी वाढवणारे इंजेक्शन आणि बिनमिठाचे जेवण, एवढेच माझ्या हाती होते. मास्तरांनी विचारले, "डॉक्टरबाई, सातवीची पोरं परीक्षेला बसेपर्यंत मी असेन ना?" मी हो म्हटले नाही. मला खात्री नव्हती.

पाणी उतरते का, हे वजनावरून कळते. दवाखान्यात माणसांचा काटा नाही. कमळाकर तांडेल म्हणाले, "बंदरावर मासळीचा हाय ना!" मग दर रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की मास्तरांना खुर्चीत घालून तिथे नेऊन काट्याच्या टोपलीत बसवू लागले. "मास्तरचा भाव काय?" असे ओरडणारे मागच्या रांगेत बसले आहेत. मला ते दिसत आहेत.

इंजेक्शन लागू पडले, वजन उतरले. मला बरे वाटले. बंदर मात्र हळहळले, "मास्तर सुकला गं!"

थोड्याच दिवसांत सूज परत आली. गोळी वाढवावी का? जास्त झाली तर तीच गोळी हृदय बंद पाडते. ठरवण्याआधी मी जेवणाच्या वेळी, न सांगता, त्यांच्या घरी गेले. ताटात बिनमिठाचा भात होता आणि बाजूला भाजलेला खारा बांगडा.

"मॅबेलबाई, हे काय?"

"बांगडा, बाय. मीठ कणभर न्हाय घातला मी."

"अहो, तो मिठात मुरवलेला आहे."

"तो तं मे महिन्यात मुरवला! हा आजारी पडायच्या आधी!"

तेवढ्यात मास्तरांनी उरलेला तुकडा संपवला.

तो बांगडा कुणाचा होता? समोर ज्या माना आता खाली गेल्या आहेत, त्याच उत्तर देतात. मास्तर सुकला म्हणून घरोघरची, पावसाळ्यासाठी भरलेली खाऱ्या मासळीची बरणी उघडली गेली होती. "आजाऱ्याच्या घरी आलेली मासळी परत कशी धाडू?" मॅबेलबाई म्हणाल्या. त्यांचा प्रश्न रास्त होता. म्हणून रविवारी मीच काट्याजवळ उभी राहिले आणि सांगितले, मास्तर सुकायलाच हवेत. खारे पाठवू नका.

"मंग काय द्यायचा? पावसाच्या व्होड्या किनाऱ्यावर काढल्यात," मासळी विकणाऱ्या शांताबाई म्हणाल्या.

"खाडीची ताजी मासळी."

"खाडीची? मास्तरला चिखल खिलवू?"

दुसऱ्या दिवशी खाडीची ताजी बोय मासळी घेऊन शांताबाईच मास्तरांच्या दारात उभ्या होत्या. त्या आठवड्यापासून पाणी उतरू लागले. गोळी वाढवावी लागली नाही.

सातवीची मुले परीक्षेला बसली. मास्तर त्यांना परीक्षेच्या गावापर्यंत स्वतः सोडून आले. माझ्या परवानगीशिवाय.

हृदय नवे झालेले नाही. गोळी, वजन आणि अळणी जेवण यापुढेही राहील. पण मास्तर आता आडवे झोपतात, हे मला आज अधिकृतपणे सांगता येते.

तांडेलांचे, शांताबाईंचे, आणि बरण्या पुन्हा झाकून ठेवणाऱ्या प्रत्येक घराचे मी आभार मानते. कुणाच्या चुलीपर्यंत माझे बोलणे गेले असेल, तर राग मनात ठेवू नये.

यानंतर मास्तर बोलतील. ते लांब बोलणार आहेत, न थांबता. कृपया कुणी घड्याळ पाहू नये.